काट्याला न कळणारं

कळमन्याच्या धरमकाट्यावर
एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचं वजन लिहिलं.
भरल्या ट्रकचं, रिकाम्या ट्रकचं,
आंबियाच्या संत्र्याचं, मृगाच्या संत्र्याचं,
भिवापुरी मिरचीचं, शिंका देत देत.
माझ्या वजनाची पावती कुणी मागितली नव्हती.

मार्चात एका ड्रायव्हरनं भांडण उकरलं,
काटा खोटा आहे म्हणाला.
मी तावातावानं केबिनमधून उतरलो
आणि त्या ट्रकभर लांब लोखंडावर
एकटाच उभा राहिलो.
वर लाल आकडे उजळले : ११०.
बाजूला झालो. शून्य.
काटा खरा निघाला. ड्रायव्हर पैसे देऊन गेला.

सगळे हसले. मंसाराम हमाल तेवढा हसला नाही.
पाठीवरचं पोतं थप्पीला लावत म्हणाला,
"पराते बाबू, आमी तं उतरवतो ना संध्याकाळी.
तुमी कवा उतरवता?"

त्या रात्री जिना चढताना
दुसऱ्या मजल्यावर नेहमीसारखा थांबलो.
'निनावे' अशी पाटी आहे तिथं.
चार वर्षं मी ती वाचतोय,
जणू दम नाही, अक्षरं लागत नाहीत.

शपथ घेतली नाही.
शपथा घेऊन झाल्या होत्या.
एक पलंगाखाली बुटांच्या खोक्यात आहे,
एक जिमच्या तीन महिन्यांच्या पावतीवर;
त्यातले चार दिवस गेलो होतो.
या वेळी फक्त स्कूटर
केबिनला टेकवून लावायची ती
गेटजवळच्या कडुनिंबाखाली लावली.
दोनशे बारा पावलं.
एवढ्यानं काय होते बाप्पा, असं मलाच वाटलं.
म्हणून तर जमलं.

एप्रिलात चहातली साखर पाव चमचा कमी.
गुणवंता चहावाल्याला कळलंही नाही,
जिभेला दोन दिवस कळलं.
रविवारचे तर्री-पोहे सोडले नाहीत.
ते सोडले असते
तर सोमवारी बाकी सगळं सोडलं असतं.
फक्त तर्रीसाठी पुन्हा वाटी पुढे करणारा हात
खिशात ठेवायला शिकलो.

मे महिन्यात उमरेडचं लग्न.
पाटोडी, बुंदी, आग्रह, आणखी बुंदी.
तीन दिवस मी माझ्याशी बोललो नाही.
चौथ्या दिवशी स्कूटर
मला न विचारता कडुनिंबाखाली गेली.

समीक्षा म्हणाली, "बाबा, छोटा डिजिटल काटा मागवू?"
नको म्हटलं.
तो ग्रॅमनी बोलतो;
रोज सकाळी इतकं कोण ऐकून घेणार?
आमच्या काट्याला दहा किलोखालचं दिसत नाही.
दर शनिवारी मार्केट थंडावलं की
मी चोरासारखा त्यावर उभा राहतो.
११०.
११०.
जून सरला, ११०.

त्याला काय ठाऊक
की शकुननं पट्ट्याला
तापल्या खिळ्यानं नवं भोक पाडलं,
की मोजा घालायला पलंग लागत नाही,
की निनाव्यांच्या पाटीचा रंग बदललाय
हे मला आठवड्यानंतर दिसलं.

पोळ्याच्या आधीचा शनिवार.
आकडे थरथरले.
११०, १००, ११०.
मी श्वास सोडला : १००.
मी श्वास घेतला.
तो आकडा बघायला श्वास घ्यावाच लागला.
"बाबू, उतरा लवकर," मंसाराम ओरडला,
"मांगं गाडी उभी हाये."
उतरलो. पावती काढली नाही.

कडुनिंबापर्यंत आता
दोनशे अठ्ठावीस पावलं भरतात.
पावलं लहान झाली,
की मीच मिरचीच्या थप्पीकडून वळसा घालतो,
बघायला पाहिजे.